फॉर्म भरताना शेजारी कोण होतं?

1997 चा जून महिना. बारावीचा निकाल लागला होता आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म मी आणून ठेवला होता. मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का आणि सही घ्यायला मी शाळेत आले. दहावी होऊन दोन वर्षं झाली होती, तरी सही-शिक्क्यासाठी आपली सगळ्यांची पावलं शाळेकडेच वळायची. मुख्याध्यापकांची सही झाली आणि मी निघाले, तेवढ्यात व्हरांड्यात आपले गणिताचे सर भेटले. “बघू फॉर्म,” म्हणाले. उभ्या उभ्याच त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, “डोमिसाइल कुठंय?”

शाळा सोडल्याचा दाखला महाराष्ट्रातला आहे म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. आमच्या घरात इंजिनीअरिंगला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे ही समजूत खोडून काढणारंही कोणी नव्हतं. सर म्हणाले, “आत्ताच्या आत्ता तहसील कचेरीत जाऊन अर्ज टाक. उद्यावर ढकलू नकोस, तिथं चार दिवस मोडतात.” संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं, शेजारी बसवून फॉर्म आधी पेन्सिलीनं भरून घेतला आणि मग पेनानं गिरवायला लावला. या सगळ्याला तासभरही लागला नसेल. दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी हातात पडला.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा हा तास आठवला. त्याला एक कारण आहे. गेली तीन वर्षं मी न्यू जर्सीत आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारी सकाळी अकरावीच्या मुलांबरोबर बसते. कॉलेजं कशी शोधायची, अर्ज कसे भरायचे, हे त्यांच्याबरोबर बघते. आपल्या बॅचमधल्या काही जणांची मुलं आता त्याच वयाची आहेत. कोणी इथे आहेत, कोणी पुण्या-नाशिकहून इकडच्या कॉलेजांचा विचार करत आहेत, आणि ग्रुपवर प्रश्न येतात: “मुलगी अकरावीत गेली, आता काय काय करायचं?” कामांची यादी देता येईल, पण ती दर वर्षी बदलते. म्हणून ही पद्धत इथवर कशी आली, तेच लिहिते. जुना प्रोग्रॅम दुरुस्त करायला घेतला की एखादी विचित्र ओळ दिसते; ती कोणी, कधी, कशासाठी घातली हे कळल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो, हे आम्ही नोकरीत शिकतो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाचंही तसंच आहे. त्यातल्या प्रत्येक रकान्यामागे काहीतरी घडलेलं आहे.

आधी थोडं आजच्याबद्दल. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं. अकरावीच्या मुलाला ‘ज्युनियर’ म्हणतात. अर्ज बारावीच्या सुरुवातीला, साधारण 1 नोव्हेंबर ते 1 जानेवारीच्या दरम्यान जातात. त्यामुळे कॉलेजला जे गुण दिसतात ते मुख्यतः नववी ते अकरावीचे. अकरावीच्या ऑक्टोबरात पीएसएटी ही सराव परीक्षा, वसंतात एसएटी किंवा एसीटी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दोन शिक्षकांना शिफारसपत्राची विनंती, सुट्टीत 650 शब्दांपर्यंतचा स्वतःबद्दलचा निबंध आणि कॉलेजांची यादी. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेनंतर जे दोन महिन्यांत उरकायचं, ते इथे वर्षभर चालतं आणि खरं काम अकरावीत होतं.

हे पूर्वी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक कॉलेज स्वतःची प्रवेश परीक्षा घ्यायचं. जुन्या कॉलेजांत लॅटिन आणि ग्रीक आलंच पाहिजे, आणि सरकारी शाळांतून ग्रीक सहसा शिकवतच नसत. म्हणजे दार कोणाला उघडं होतं, हे परीक्षेच्या विषयांवरूनच ठरत होतं. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठानं वेगळी वाट काढली. विद्यापीठाचे प्राध्यापक शाळांत जाऊन शिकवणं तपासत आणि पसंत पडलेल्या शाळेची मुलं दाखल्यावर, परीक्षेशिवाय घेत. पूर्वेकडच्या जुन्या कॉलेजांनी मात्र परीक्षा सोडली नाही. पण दर कॉलेजचा अभ्यासक्रम वेगळा, त्यामुळे शाळांचे हाल होत. 1900 साली ‘कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड’ स्थापन झालं आणि जून 1901 मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. सगळी मिळून 973 मुलं बसली. प्रश्नपत्रिका लांबलचक उत्तरांच्या, आपल्या बोर्डाच्या पेपरांसारख्या. पास झालात, फी भरू शकलात, की बहुतेक वेळा प्रवेश मिळायचा. गाळून निवड करण्याइतके अर्जच येत नसत.

मग 1920 च्या दशकात अर्जाचं रूप बदललं. त्या बदलाचं कारण वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं होतं. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुलं सरकारी शाळांत शिकून या परीक्षा उत्तम गुणांनी पास होऊ लागली. 1922 च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण एकपंचमांशाच्या वर गेलं. अध्यक्ष लॉवेल यांनी 15 टक्क्यांची मर्यादा सुचवली. उघड मर्यादेला प्राध्यापकांनी विरोध केला. तेव्हा आडवाट निघाली. ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘नेतृत्व’ यांना वजन द्यायचं, फोटो मागायचा, मुलाखत घ्यायची, शिफारसपत्रं मागवायची. येल आणि प्रिन्स्टननंही अशाच वाटा धरल्या. आज आमच्या शनिवारच्या मुलांना ‘तुझ्यातलं वेगळेपण दाखव’ असं जे सांगितलं जातं, त्या रकान्यांची सुरुवात मुलांना ओळखण्यासाठी झाली नव्हती, काहींना बाहेर ठेवण्यासाठी झाली होती. आज ते रकाने चांगल्या कामासाठीही वापरले जातात, हेही खरं. घरकाम आणि नोकरी करून शिकणाऱ्या मुलीची हकिकत कॉलेजला कळते ती तिथेच.

त्याच दशकात दुसरी गोष्ट आली, एसएटी. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी बुद्धिमापन चाचण्या वापरल्या होत्या. त्यावर काम केलेल्या कार्ल ब्रिगम यांनी कॉलेजांसाठी चाचणी तयार केली. 23 जून 1926 रोजी ती प्रथम झाली आणि 8,040 मुलं बसली. ब्रिगम यांनी 1923 च्या पुस्तकात वंशावरून बुद्धीची उतरंड मांडली होती. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. गंमत अशी, की अशा माणसाच्या हातून आलेलं हे साधन पुढे उलट दिशेनंही वापरलं गेलं. हार्वर्डचे नंतरचे अध्यक्ष कोनंट यांनी 1930 च्या दशकात लांबच्या प्रांतांतली, साध्या घरांतली हुशार मुलं शोधायला शिष्यवृत्त्या काढल्या आणि निवडीसाठी एसएटीचा आधार घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1944 च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला. त्यातून सुमारे 22 लाख माणसं कॉलेजात गेली. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र वर्णभेदामुळे त्याचा पुरता लाभ मिळाला नाही. आता अर्ज जास्त आणि जागा कमी, असं चित्र होऊ लागलं. ब्रुकलिनमध्ये घराच्या तळघरात शिकवण्या घेणाऱ्या स्टॅन्ली कॅप्लन यांनी 1946 मध्ये एसएटीची शिकवणी सुरू केली. या परीक्षेचा अभ्यास करून उपयोग नाही, असं परीक्षा घेणारे सांगत होते. क्लासेस म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

ऑक्टोबर 1957 मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. 1958 मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. गणित-विज्ञानासाठी पैसा तर आलाच, पण त्यात एक कलम होतं, ज्याकडे इतिहासात फारसं कोणी बघत नाही: शाळांमध्ये मुलांची कुवत ओळखून त्यांना पुढची वाट दाखवणाऱ्या काउन्सेलरांसाठी निधी आणि त्यांचं प्रशिक्षण. त्यानंतर हायस्कूलमध्ये काउन्सेलर हे पद झपाट्यानं पसरलं. म्हणजे आपल्या सरांनी व्हरांड्यात उभ्यानं जे काम केलं, त्यासाठी इथे पगारी माणूस नेमायचं ठरलं, तेही अंतराळातल्या एका गोळ्यामुळे. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, पीएसएटी आणि एसीटी या परीक्षा आल्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून अकरावीतल्या पीएसएटीवरच नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली चाळणी होऊ लागली. अकरावीचं वर्ष कॅलेंडरवर ठळक झालं ते असं.

पैशाची बाजूही हळूहळू तयार झाली. 1965 चा उच्च शिक्षण कायदा, 1972 मध्ये गरजू विद्यार्थ्यांसाठी थेट अनुदान (पुढे त्यालाच पेल ग्रँट नाव मिळालं) आणि 1992 च्या दुरुस्तीतून आलेला एकच मोफत सरकारी अर्ज, फॅफ्सा. त्याच्या आधी, 1975 मध्ये, 15 खाजगी कॉलेजांनी मिळून ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ काढला होता. एकच फॉर्म भरायचा आणि त्याच्या प्रती अनेक कॉलेजांना पाठवायच्या. 1998 मध्ये तो ऑनलाइन आला. आज त्यात हजाराहून अधिक कॉलेजं आहेत. दरम्यान 1983 मध्ये ‘यू. एस. न्यूज’ची क्रमवारी सुरू झाली. जितक्यांना नकार जास्त, तितकं कॉलेज मोठं, असा समज रुजला. एक बटण दाबून अर्ज जातो म्हटल्यावर मुलं अधिक अर्ज करतात. अर्ज वाढले की नकार वाढतात आणि नकारांच्या भीतीनं पुढची बॅच आणखी अर्ज करते. हे चक्र आम्ही आमच्या गावात डोळ्यांनी बघतो.

या सगळ्यात काउन्सेलर मागे पडला. शालेय काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना म्हणते, एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थी असावेत. देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे, आणि त्याच माणसाकडे वेळापत्रकापासून मुलांच्या मानसिक अडचणींपर्यंत सगळं असतं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते खाजगी सल्लागार लावतात. 2019 मध्ये तर लाच देऊन, खोटे खेळाडू उभे करून आणि परीक्षेत फेरफार करून मुलांना प्रवेश मिळवून देणारं प्रकरण उघडकीला आलं आणि श्रीमंत पालकांना तुरुंगवास झाला. पण जास्त मुलांचं नुकसान करणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती बातमीत येत नाही. कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर अ‍ॅव्हरी या अर्थतज्ज्ञांनी 2012 च्या सुमारास दाखवून दिलं, की कमी उत्पन्नाच्या घरांतली बहुसंख्य अतिशय हुशार मुलं वरच्या दर्जाच्या एकाही कॉलेजला अर्जच करत नाहीत. त्यातली अनेक कॉलेजं मदत धरून त्यांना जवळच्या साध्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडली असती. त्यांना कोणी नाकारलेलं नव्हतं, ती रांगेत उभीच राहिली नव्हती.

मग उपाय काय? माहिती द्या, असं आमच्यासारखा इंजिनीअर लगेच म्हणेल. तेही करून झालं. सुरुवातीला एका छोट्या प्रयोगात माहितीची पाकिटं टपालानं पाठवली. दर विद्यार्थ्यामागे सुमारे सहा डॉलर खर्च आला आणि फरक दिसला. पुढे हीच कल्पना कॉलेज बोर्डानं सात लाखांहून अधिक मुलांपर्यंत नेली, तेव्हा कॉलेजप्रवेशात दखल घ्यावी असा बदल झाला नाही. याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवून बघा. एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात, ‘एच अँड आर ब्लॉक’ या कर-सल्ला कंपनीच्या कचेऱ्यांत तो केला. साध्या उत्पन्नाची कुटुंबं कराचा फॉर्म भरायला आली की काही कुटुंबांना तिथेच, दहा-एक मिनिटांत, फॅफ्साही भरून दिला. दुसऱ्या गटाला त्यांना किती मदत मिळू शकेल याची माहिती दिली, पण फॉर्म भरायला हात लावला नाही. पहिल्या गटातल्या बारावीच्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत निदान दोन वर्षं कॉलेज पुरं करणाऱ्यांचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्या गटात काही फरक पडला नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शाळेचा व्हरांडा दिसला. माहिती माझ्याकडेही होती. फॉर्मच्या माहितीपुस्तिकेत डोमिसाइलचा उल्लेख होताच, मी तो वाचलाही असेन. पण तो माझ्यासाठी आहे आणि आजच करायचा आहे, हे सांगायला माणूस लागला.

गेल्या काही वर्षांत नियम पुन्हा वेगानं हलले आहेत. 2020 च्या साथीत परीक्षा केंद्रं बंद झाली आणि बहुतेक कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं ती विचारात घेणंच थांबवलं. एमआयटीनं 2022 मध्ये ती परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड यांनीही. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. फॅफ्साचा नवा, सोपा केलेला फॉर्म ऑक्टोबरऐवजी 2023 च्या डिसेंबर अखेरीस आला आणि कॉलेजांकडे त्यातली माहिती मार्चमध्ये पोचायला लागली. त्या वर्षी किती मदत मिळणार हे ठाऊक नसताना लाखो घरं निर्णयासाठी ताटकळली. म्हणजे थोरल्या मुलाच्या वेळचं ज्ञान धाकटीच्या वेळी जुनं झालेलं असतं. ज्या घरातून आधी कोणी गेलंच नाही, त्यांचं काय होत असेल?

मागच्या वर्षी एका शनिवारी एक मुलगी आली. आई रुग्णालयात सफाईचं काम करते, वडील नाहीत. गुण उत्तम. यादीत फक्त जवळचं दोन वर्षांचं कॉलेज. मोठ्या कॉलेजची फी तिनं बघितली होती आणि पान बंद केलं होतं. कायद्यानं कॉलेजांना संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावा लागतो. घरचं उत्पन्न घातलं की मदत वजा जाऊन आपल्याला साधारण किती पडेल, ते कळतं. हे तिला वर्गात सांगितलेलं होतं, पण तिनं ते उघडून बघितलं नव्हतं. आम्ही दोघींनी शेजारी बसून तीन कॉलेजांचे आकडे काढले. त्यातल्या एकाचा आकडा बघून तिनं तो पुन्हा भरायला लावला, चूक झाली असेल म्हणून. चूक नव्हती. त्या दिवशी घरी जाताना तिच्या यादीत सहा नावं होती. पुढे तिला कुठे प्रवेश मिळाला हे सांगायचा अधिकार तिचा आहे. मी एवढंच सांगते, की ती रांगेत उभी राहिली.

तर मित्रमैत्रिणींनो, ज्यांची मुलं यंदा अकरावीत आहेत त्यांच्यासाठी या इतिहासातून थोडं सामान काढून देते. फी बघून पान बंद करू नका, आधी कॅल्क्युलेटर चालवा. क्रमवारीतल्या पहिल्या वीस नावांवर यादी संपवू नका. ज्या शिक्षकांना तुमचं मूल खरोखर माहीत आहे, त्यांनाच शिफारसपत्र मागा, आणि सुट्टीआधी मागा. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की फॅफ्साची सरकारी मदत परदेशी विद्यार्थ्यांना नाही, आणि घरची परिस्थिती न बघता परदेशी मुलांना प्रवेश देऊन पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं मोजकीच आहेत. पैशाचा प्रश्न त्या कॉलेजला अर्ज करण्याआधी विचारा, प्रवेश मिळाल्यावर नाही. आणि निबंध मुलालाच लिहू द्या. आपण तो सुधारायला गेलो की तो पंचेचाळिशीचा वाटायला लागतो, हे मी स्वतःच्या घरी करून बघितलं आहे.

आदरणीय शिक्षकांनो, तुमच्यापैकी किती जणांनी किती फॉर्म तपासले, किती मुलांना तहसील कचेरीत, बँकेत, समाजकल्याणच्या कार्यालयात पिटाळलं, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. तुमच्या कामाच्या वेळेतही ते बसत नव्हतं. इथे ज्याच्यासाठी कायदा करावा लागला आणि जे सिद्ध करायला प्रयोग करावे लागले, ते तुम्ही शाळा सुटल्यावर करत होता. सर, त्या फॉर्मची पेन्सिलीनं भरलेली झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे. संमेलनाला येताना घेऊन येते.

आणि बाकीच्यांनो, प्रश्न ग्रुपवर टाकू नका, थेट फोन करा. आमच्याकडची रविवार सकाळ म्हणजे तुमची संध्याकाळ. मुलाला शेजारी बसवा आणि फॉर्म समोर उघडून ठेवा.